माशी पुसट दिसते तेव्हा

वाचकहो, नीरेकाठच्या शिरवळहून एका सूनबाईंचे पत्र आले आहे. त्यांचे सासरे सैन्यातून निवृत्त झालेले, वय ६८ वर्षे. पलटणीत असताना नेमबाज म्हणून त्यांचा लौकिक होता. निवृत्तीनंतर त्यांनी उघड्या खाचेची एक एअर रायफल घेतली आणि दर रविवारी महामार्गाने पुण्याला, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सरावासाठी जाऊ लागले. गेल्या दिवाळीनंतर मात्र त्यांनी रायफल पेटीत घालून कुलूप लावले. "आता हात राहिला नाही," एवढेच म्हणाले. तेव्हापासून ते ओसरीवर खुर्ची टाकून नुसते बसून असतात. सूनबाई विचारतात, "मामंजींना भारी किमतीची नवी साइट घेऊन द्यावी, की या वयात आता हा नाद सोडा असे सांगावे?"

या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच पत्रात दडलेले आहे. त्या लिहितात, "समोरून येणाऱ्या एसटीची पाटी ते लांबून वाचतात, भरलेली कपबशी न सांडता उचलतात, पण रायफलची माशी पुसट दिसते म्हणतात." ज्याच्या हातात कपबशी हिंदकळत नाही, त्याचा हात गेला असे कसे म्हणावे? बदलले आहे ते डोळ्याच्या आतले भिंग. त्या बदलावर उपाय आहे, आणि तो नव्या साइटच्या किमतीहून पुष्कळ स्वस्तात होण्याजोगा आहे.

उघड्या खाचेच्या रायफलीत नेम धरताना डोळ्यापुढे तीन वस्तू असतात : हातभर अंतरावरची मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि दूरचे लक्ष्य. तिन्ही एकाच वेळी स्पष्ट पाहणे कोणत्याही डोळ्याला शक्य नसते. तरुणाचा डोळा क्षणार्धात एकीवरून दुसरीवर सरकतो, म्हणून त्याला ही अडचण जाणवत नाही. डोळ्यातील भिंगाची ही सरकण्याची शक्ती विशीत सुमारे १० डायॉप्टर असते. साठीनंतर ती १ डायॉप्टर किंवा त्याहूनही कमी उरते. भिंग कठीण होते, बाहुली लहान होते, आत शिरणारा प्रकाशही घटतो. हा आजार नव्हे. केस पांढरे व्हावेत तसा हा वयाचा धर्म आहे.

माशी पुसट झाल्याने किती बिघडते? खाच आणि माशी यांत ७० सेंटिमीटर अंतर आहे असे धरा. नेम घेताना माशी अवघी १ मिलिमीटर बाजूला राहिली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे १४ मिलिमीटर भरकटतो. एअर रायफलच्या लक्ष्यपत्रावरील काळ्या वर्तुळाचा व्यास ३०.५ मिलिमीटर असतो. म्हणजे मध्यावर जाणारा छर्रा थेट काळ्याच्या काठाशी पोहोचला. अनुभवी नेमबाज लक्ष्य किंचित धूसर राहू देतात, पण माशी कधीही धूसर होऊ देत नाहीत. त्याचे कारण हेच.

येथे पुष्कळ कुटुंबे एक चूक करतात. "दिसत नाही ना, मग चष्म्याचा नंबर वाढवून घेऊ," असे म्हणून वाचनाचा चष्मा आणतात. अधिक अडीच नंबरचे भिंग ४० सेंटिमीटरवरचे वर्तमानपत्र स्पष्ट दाखवते. माशी मात्र डोळ्यापासून पाऊण ते एक मीटरवर असते. त्या चष्म्यातून ती पुसट दिसते आणि लक्ष्य तर धुक्यातच जाते. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याची अडचण आणखी वेगळी. नेम धरताना मान कलते आणि नजर काचेच्या वरच्या, नाकाकडील कोपऱ्यातून जाते. तेथे हवा तो नंबर नसतो.

आता एक छोटा प्रयोग करून पाहा. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला दाभणाने सुमारे १ मिलिमीटरचे गोल छिद्र पाडा. लांबचा चष्मा असल्यास तो घाला, एक डोळा झाका आणि भरपूर उजेडात त्या छिद्रातून भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे पाहा. मग दुसऱ्या डोळ्याने तसेच करा. छिद्रातून आकडे अधिक रेखीव दिसले, तर दोष बहुधा नंबराचा आहे. काहीच फरक पडला नाही किंवा अधिकच अंधुक दिसले, तर मोतीबिंदू किंवा पडद्याचा विकार आहे का, हे नेत्रतज्ज्ञांकडून लवकर तपासून घ्यावे. आकडे स्पष्ट दिसले तरी वार्षिक तपासणी चुकवू नये. काचबिंदू दीर्घकाळ लपून राहतो आणि या प्रयोगात तो सापडत नाही.

या छिद्रातच साइटच्या निवडीचे मर्म आहे. लहान छिद्रातून येणारे किरण विखुरत नाहीत, म्हणून जवळचे आणि लांबचे दोन्ही बऱ्यापैकी रेखीव दिसते. छिद्राची साइट, जिला पीप साइट म्हणतात, ती याच तत्त्वावर चालते. सैन्यात एसएलआर हाताळलेल्यांना ती परिचित आहे. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारातही नेम असाच छिद्रातून धरतात. खाचेऐवजी छिद्र आले की पाहण्याच्या तीन वस्तूंपैकी एक कमी होते. छिद्राकडे पाहावे लागत नाही, त्यातून पाहायचे असते.

म्हणून साठीनंतर पहिली पसंती छिद्राच्या साइटला द्यावी, आणि तिचे छिद्र लहानमोठे करता येणारे असावे. साधारण १ ते १.५ मिलिमीटर व्यास पुष्कळांना मानवतो. ढगाळ दिवशी किंवा मंद दिव्यात ते थोडे मोठे करावे, कारण उतारवयातील डोळ्याला उजेड अधिक लागतो. पुढे खुंटीसारख्या माशीऐवजी गोल कडे असल्यास ते जरा मोठे निवडावे. काळ्या वर्तुळाभोवती पांढरी फट स्पष्ट दिसली पाहिजे. कडे फार घट्ट असले की डोळा संभ्रमात पडतो.

लाल ठिपक्याची साइट दुकानात मोहक वाटते. ठिपका आणि लक्ष्य एकाच अंतरावर भासत असल्याने काहींना ती सोयीची पडते. पण बुबुळाचा वक्राकार दोष, म्हणजे ॲस्टिग्मॅटिझम असेल, तर तो ठिपका चांदणीसारखा फाकतो. विकत घेण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्याने पाहावे. दुर्बिणीच्या साइटमध्ये सर्व काही एकाच पातळीवर दिसते आणि डोळ्याजवळचे कडे फिरवून आपल्या नजरेशी जुळवता येते. घरच्या सरावाला ती उत्तम. मात्र ऑलिंपिक पद्धतीच्या १० आणि ५० मीटर रायफल स्पर्धांत ती चालत नाही.

साइट घेण्यापूर्वी मात्र एक सुतळी घ्या. नेहमीच्या पद्धतीने रायफल खांद्याला लावायला सांगा. ती रिकामी असल्याची खात्री आधी दोघांनी करावी. डोळ्याच्या कडेपासून माशीपर्यंत सुतळी ताणा आणि तेथे गाठ मारा. नेत्रतज्ज्ञांकडे जाताना रायफल नेण्याचे कारण नाही, सुतळी पुरे. त्यांना सांगा, "या गाठीवरची वस्तू मला स्पष्ट दिसायला हवी, आणि १० मीटरवरचे लक्ष्य ओळखता यायला हवे."

हिशेब सोपा आहे. १ मीटरवरच्या वस्तूसाठी १ डायॉप्टर लागतो, १० मीटरवरच्यासाठी ०.१. या दोहोंच्या मध्याजवळ, म्हणजे लांबच्या नंबरात सुमारे अर्धा डायॉप्टर मिळवला, की छिद्राच्या मदतीने दोन्हीकडे निभावते. नेमका आकडा तपासणीनंतरच ठरेल. हा चष्मा एकाच नंबरचा असावा, नेम धरताना नजर जेथून जाते तेथे भिंगाचा मध्य यावा, आणि तो घालून वाहन चालवू नये.

मधुमेह असणाऱ्यांनी साखर आटोक्यात आल्यावरच नंबर काढावा; साखरेबरोबर नंबरही हलतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर हा छंद शल्यविशारदांच्या कानावर आधीच घालावा. बहुकेंद्री भिंगाने काहींना दिव्यांभोवती वलये दिसतात आणि काळ्या-पांढऱ्यातील फरक थोडा मंदावतो. नेमबाजाला हे महागात पडू शकते. माशीची सरळ कड अचानक वाकडी दिसू लागली, डोळ्यापुढे पडदा आला किंवा ठिणग्या चमकल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

नेम धरताना सहा-सात सेकंदांत छर्रा सुटला नाही, तर रायफल खाली घेऊन डोळ्यांना विश्रांती द्यावी. ताणून पाहिल्याने जुनीच प्रतिमा डोळ्यात रेंगाळते. दुसरा डोळा मिटून धरण्यापेक्षा त्यापुढे चष्म्यावर पांढरी अर्धपारदर्शक पट्टी लावावी, म्हणजे चेहऱ्याचे स्नायू थकत नाहीत.

सूनबाई, "नाद सोडा" असे सांगण्याची वेळ कधीतरी येऊ शकते. विसरभोळेपणा वाढला, औषधांनी गुंगी येऊ लागली, मन फार खिन्न झाले, तर रायफल घरात नसलेलीच बरी. तोवर ती आणि छर्रे वेगवेगळ्या कुलपांत ठेवा. घरात नातवंडे असतील तर एअर रायफलही डोळा घालवू शकते. पण केवळ वय झाले म्हणून थांबवू नका. स्वीडनचे ऑस्कर स्वान यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये वयाच्या ७२ व्या वर्षी नेमबाजीत सांघिक रौप्यपदक मिळवले. उत्तर प्रदेशातील जोहडी गावच्या चंद्रो तोमर यांनी तर साठी उलटल्यावर प्रथमच पिस्तूल हाती धरले.

ज्यांच्या घरात रायफल नाही त्यांनीही ही सुतळी विसरू नये. पेटी वाजवणाऱ्या आजोबांना स्वरलिपीची वही पुसट दिसते, शिवणयंत्रावर बसलेल्या आजींना टाका दिसत नाही, आणि आपण म्हणतो, आता त्यांचे हात थकले. आधी अंतर मोजावे आणि मग निवाडा करावा.

साइट नंतर बघू. या रविवारी तुम्ही स्वतः सुतळी घेऊन ओसरीवर जा आणि म्हणा, "मामंजी, पेटीचे कुलूप काढता का? मला एक माप घ्यायचे आहे."