१०६ टक्के पाऊस म्हणजे लगेच पेरणी नव्हे

२०२५ मध्ये मान्सून २४ मे रोजीच केरळात आला. २६ मेला मुंबईत. एरवीच्या तारखा १ जून आणि ११ जून. त्यात हवामान विभागाने देशात सरासरीच्या १०६ टक्के पावसाचा अंदाज दिला, आणि गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता: पेरायचं का?

हा १०६ चा आकडा अख्ख्या देशाचा आणि जून ते सप्टेंबर चार महिन्यांचा होता. देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर, त्यात चेरापुंजी आली आणि राजस्थानही आलं. मृगात आपल्या शिवारात पाऊस पडेल की नाही, ते त्यातून कळत नाही. त्या वर्षी मे संपता संपता मान्सून थबकला आणि ऊन पडायला लागलं, हे आपण बघितलंच.

पेरणीसाठी बघायचा तो पुढच्या चार-पाच दिवसांचा अंदाज. तोही शब्द नीट वाचून. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे जास्तीत जास्त पाव भागात. चार गावांतल्या तिघांना कोरडं राहावं लागलं तरी अंदाज खराच ठरतो! ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊणपर्यंत. यलो अलर्टचंही तसंच. तो सावध राहा म्हणून असतो, पुष्कळदा नुसत्या विजा आणि वाऱ्यासाठी. यलो दिसला म्हणून सोयाबीनची बॅग फोडू नका.

कृषी विभाग सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. वरची ओल दोन उन्हांत उडते, कोंब करपतो आणि दुबार पेरणी बोकांडी बसते. घरचं बियाणं असेल तर एक वेळ निभावेल, उधारीवर आणलेलं असेल तर दुसरी बॅग कोण देणार? उलट आधीच्या पावसाने जिथे रान चिबडलेलं असेल, तिथे आधी वाफसा येऊ द्या, राहिलेली मशागत उरका.

मंडळातल्या पर्जन्यमापकाचा आकडा आपल्या वावराचा असेलच असं नाही. सरळ उभ्या कडांचा डबा उघड्यावर ठेवा, पाऊस थांबला की पट्टीने मोजून लिहून ठेवा. सगळे दिवस मिळून साडेसात सेंटिमीटर झाले की ७५ मिलिमीटर. मेघदूत ॲपवर दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला मराठीत येतो, पेरणीआधी तो एकदा बघा.