ऑइल सांडत नाही हो, सांडते ती प्रतिष्ठा

आमच्या सोसायटीत लॅमिनेट केलेली नोटीस आहे : ‘पार्किंगमध्ये वाहनदुरुस्ती करण्यास सक्त मनाई.’ कारण विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, ऑइल सांडतं, फरशी खराब होते. मी माझ्या पेट्रोल हॅचबॅकचं इंजिन ऑइल आणि फिल्टर स्वतः बदलतो, म्हणून हे कारण मला नेहमी ऐकावं लागतं. ते खोटं आहे, आणि का खोटं आहे हे मी जरा तपशिलात सांगणार आहे.

ऑइल सांडतं कधी? घाई केली की. ड्रेन प्लग सुटताच ऑइल सरळ खाली पडत नाही, आधी लांब धार मारतं आणि जोर ओसरला की मागे सरकतं. म्हणून उथळ पण रुंद घमेलं घ्यायचं, ते धारेच्या दिशेला थोडं पुढे ठेवायचं आणि नंतर मागे ओढायचं. खाली पुठ्ठा, पुठ्ठ्यावर रद्दी. प्लग शेवटच्या आट्यांपर्यंत बोटांनी आत दाबून फिरवायचा आणि मग झटकन बाजूला घ्यायचा, म्हणजे मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ येत नाही. इंजिन आधी पाचेक मिनिटं चालवून घ्यायचं, ऑइल पातळ होतं. पण मग थोडं थांबायचं, कारण सायलेन्सरचा पाइप हाताशीच असतो.

खरा घोटाळा फिल्टरपाशी होतो. बहुतेक फिल्टरमध्ये रबराची एक झडप असते. गाडी बंद असताना ऑइल मागे वाहून जाऊ नये, सकाळी स्टार्टर मारल्यावर इंजिन कोरडं फिरू नये, हे तिचं काम. म्हणजे सगळं ऑइल काढून टाकलं तरी फिल्टर भरलेलाच असतो. तो आडवा बसवलेला असेल तर आटे सुटताक्षणी ऑइल इंजिनच्या अंगावरून ओघळतं, खालच्या लोखंडी पट्टीवर साचतं आणि पुढे चार दिवस थेंबथेंब गळत राहतं. लोकांना वाटतं, ‘घरी केलं म्हणून लीक झालं.’ उपाय फुकटचा आहे. पान्याने फिल्टर पाव फेरा सैल करा, त्याच्यावर जाड प्लॅस्टिकची पिशवी चढवा, पिशवीबाहेरून हाताने फिरवत काढा. फिल्टर आणि ऑइल दोन्ही पिशवीत. वर गाठ.

नवा लावण्याआधी जुन्याची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिलेली नाही ना, ते बघायचंच. एकावर एक दोन रिंगा बसल्या तर पहिल्या स्टार्टला सगळं ऑइल जमिनीवर येईल. नव्या रिंगेला बोटभर ताजं ऑइल लावायचं, रिंग टेकली की हाताने साधारण पाऊण फेरा आवळायचं. नेमका आकडा फिल्टरच्या अंगावरच छापलेला असतो. पान्याने पिळायचं नाही. प्लगचं वायसर नवं टाका. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. खाली स्टँड हवेत, चाकांना दगड हवेत. इथे हुशारी नको.

एवढं केलं की फरशीवर थेंब पडत नाही. आमच्या पार्किंगमध्ये जे काळे डाग आहेत ते वर्षानुवर्षं गळणाऱ्या, कधीही न उघडलेल्या गाड्यांखाली आहेत. त्यांच्या मालकांना नोटीस गेलेली नाही. गाडी गळते हा गुन्हा नाही, गाडीखाली कोण झोपलंय हा आहे.

कारण काका जे बोलले ते फरशीबद्दल नव्हतंच. “अरे, तू इंजिनिअर ना? मग हे काय करतोस? माणूस बोलाव की!” माणूस! म्हणजे मी कोण? इंजिनिअर या शब्दात इंजिन आहे हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. चार वर्षांच्या डिग्रीत आम्ही जर्नलमध्ये वंगणपद्धतींच्या आकृत्या काढल्या, बहुतेकांनी मागच्या बॅचच्या जर्नलवरून. व्हायव्हात उत्तरंही दिली. नट सोडवायला कुणी सांगितलं नाही, कारण ते काम शिपाईदादाचं. आकृती काढणारा वरचा, पाना धरणारा खालचा. १९३६ साली बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये श्रमांची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला जो फरक दाखवला, तो आमच्या वर्कशॉपच्या दारात उभा होता. दसऱ्याला मात्र आपण पान्याला कुंकू लावतो, बॉनेटवर झेंडूचा हार घालतो. अवजाराची पूजा करायची आणि अवजार वापरणाऱ्याला ‘माणूस’ म्हणायचं, हे आपल्यालाच जमतं.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आहे : तू गॅरेजवाल्याच्या पोटावर पाय देतोस. मला हे पटत नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला मारतंय ते माझं घमेलं नव्हे, ‘बाहेर काम केलंत तर वॉरंटी जाईल’ ही भीती मारतेय. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं स्वतःच्या हातात कोंडून ठेवल्याबद्दल १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. पुढे अपिलात दंडाची रक्कम कमी झाली, पण मुद्दा तोच राहिला. ज्याने एकदा स्वतः फिल्टर बदललाय, तो बिलावरचं ‘इंजिन फ्लश’ आणि ‘कन्झ्युमेबल्स’ वाचून प्रश्न विचारतो. आणि क्लच गेला की तोच कोपऱ्यावर जातो, घासाघीस न करता पैसे देतो, कारण त्या कामात किती कंबर मोडते याचा त्याला अंदाज आलेला असतो.

एका बाबतीत मात्र सोसायटीला माझ्यावर डोळे वटारायचा पूर्ण हक्क आहे, आणि नेमकं तेच तिने कधी विचारलेलं नाही : जुनं ऑइल जातं कुठे? २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. ते गटारात ओतणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. सेंट्रिंगच्या फळ्यांना फासायला ते मागून नेणारे भेटतात, त्यांनाही देऊ नये. नव्या ऑइलचा रिकामा कॅन असतोच. जुनं त्यातच गाळणीने भरायचं, फिल्टर रात्रभर घमेल्यावर पालथा घालून निथळायचा, आणि दोन्ही अशा गॅरेजात द्यायचं जिथला पिंप अधिकृत रिसायकलरकडे जातो. विचारावं लागतं. पहिल्या दोघांनी मला हसून घालवलं, तिसऱ्याने पावती दाखवली.

तर येत्या सर्वसाधारण सभेसाठी मी लेखी ठराव दिलाय. ‘दुरुस्तीस मनाई’ ही ओळ काढावी. त्याजागी लिहावं : तेल-पाणी बदलताना खाली पुठ्ठा अंथरावा, डाग पडल्यास त्याच दिवशी भुसा टाकून स्वतः पुसावा, वापरलेलं ऑइल गटारात टाकणाऱ्यास दंड. हाच नियम गळक्या गाड्यांनाही लागू. सेक्रेटरींनी अर्ज घेतला, पहिली दोन वाक्यं वाचली आणि विचारलं, “पण हे पुसणार कोण?” तिसरं वाक्य मी त्यांना बोट ठेवून दाखवलं.