पहिल्या शस्त्रक्रियेनंतरची लढाई

जिंतूर - कर्करोगाच्या रुग्णावर शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले आणि तो गावी परतला, की लढाई संपली, असे मानण्याचा प्रघात आहे. तोंडाच्या कर्करोगात हा समज घातक ठरतो. एकदा बऱ्या झालेल्या रुग्णाला काही वर्षांनी दुसराच कर्करोग गाठू शकतो आणि पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे लागते. अशा वेळी तो वाचेल की नाही, हे बव्हंशी दुसरी गाठ किती लवकर हाती लागते, यावर ठरते.

यामागचे कारण वैद्यकशास्त्राने १९५३ मध्येच मांडले आहे. तंबाखू वर्षानुवर्षे गालात धरली, की एक जागाच नव्हे, तर तोंड आणि घशाचे सारे अस्तर बाधित होते. गाठ काढली तरी उरलेले अस्तर तेच राहते. डोके व मानेच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या शंभर जणांपैकी दरवर्षी सुमारे तीन ते सात जणांना दुसरा स्वतंत्र कर्करोग होतो, असे वैद्यकीय पाहण्या सांगतात. ही जुन्या आजाराची उलटी नव्हे, नवा आजार असतो. किरणोपचार झालेल्या भागावर दुसरी शस्त्रक्रिया अधिक अवघड असते. जखम सावकाश भरते, तोंड उघडणे कठीण होते. काही वेळा पायाच्या हाडाचा तुकडा घेऊन जबडा उभा करावा लागतो.

ज्येष्ठ नेते शरद पवार यांचे उदाहरण महाराष्ट्राला परिचित आहे. २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात ते तोंडाच्या कर्करोगाला सामोरे गेले. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार घेत त्यांनी केंद्रीय कृषिमंत्रिपदाचा कारभार पाहिला. सुपारी-तंबाखूच्या सवयीबद्दल त्यांनी पुढे जाहीरपणे खंतही व्यक्त केली. एप्रिल २०२१ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीत त्यांच्या तोंडात व्रण आढळला आणि तो लगेच काढण्यात आला. सतरा वर्षांनंतरही तोंडावर डॉक्टरांची नजर होती, हा त्यातला खरा धडा आहे.

ही नजर जिंतूरच्या शेतमजुरावर कोण ठेवणार? उपचारानंतर पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा महिन्यांनी आणि पाचव्या वर्षापर्यंत चार ते आठ महिन्यांनी तपासणी व्हावी, असा संकेत आहे. म्हणजे पाच वर्षांत कमीत कमी दहा-अकरा फेऱ्या. जिंतूरला रेल्वे नाही. परभणीचे स्थानक सुमारे चाळीस किलोमीटरवर. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा मुंबईचे टाटा रुग्णालय गाठायचे, तर रुग्णासह सोबत येणाऱ्याचीही मजुरी बुडते. दुखत नसताना एवढा खर्च कशाला, असा विचार घरात होणे स्वाभाविक आहे. फेरी चुकते ती येथेच.

मदत अजिबात नाही, असे नव्हे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण आता कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंत आहे. रेल्वेत कर्करोगग्रस्ताला शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत पूर्ण, तर सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. ती उपचारांइतकीच नियमित तपासणीसाठीही आहे. तथापि, तिकिटाची सवलत बुडालेली मजुरी भरून देत नाही.

तोंडाची प्राथमिक तपासणी करण्यास मुंबईची गरज नाही. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, तोंड कमी उघडणे, मानेत गाठ ही लक्षणे प्रशिक्षित दंतवैद्य पाच मिनिटांत टिपू शकतो. तिशीपुढील नागरिकांची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात आहेच. मात्र तिचा रोख नवे रुग्ण शोधण्यावर आहे. उपचार घेऊन परतलेल्यांची गावनिहाय यादी आशा सेविकांकडे असावी, तालुक्याच्या शासकीय रुग्णालयात त्यांच्यासाठी महिन्यातून एक दिवस ठरावा आणि शंका आलेल्यांनाच मोठ्या रुग्णालयात पाठवावे, एवढे केले तरी बऱ्याच फेऱ्या वाचतील. तंबाखू सोडविण्यासाठीचा सल्लाही त्याच दिवशी देता येईल. कारण उपचारानंतर तंबाखू सुरू राहिल्यास दुसऱ्या कर्करोगाचा धोका वाढतो.

शस्त्रक्रियेवर लाखो रुपये खर्च करणाऱ्या शासनाला महिन्याचा हा एक दिवस जड जाऊ नये. अन्यथा पहिल्या शस्त्रक्रियेने वाचविलेला जीव दुसऱ्या गाठीच्या स्वाधीन केल्यासारखे होईल.