झिजते बिजागरी, चार्जशीट फिटरला!



शेडमधल्या कॉम्प्रेसरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळला, की प्रशासन म्हणते, फिटरची हलगर्जी. आम्ही विचारतो, पिस्टनच्या कॉम्प्रेसरची हवा ठोक्याठोक्याने येते. त्याच्या तोंडाशी बिजागरीची झडप बसवली कोणी? पाइपाचा व्यास पाहून मोठा व्हॉल्व्ह घेतला. हवा तेवढी नाही, म्हणून झडप पुरती उघडत नाही, पाळीभर फडफडते. पिनचे भोक लांबट होते, झडप तिरकी बसते आणि कॉम्प्रेसर थांबताच टाकीतली हवा उलटी येते. (टेंडर काढणाऱ्या साहेबाला चार्जशीट मिळाल्याचे ऐकिवात नाही!) व्हॉल्व्ह हवेच्या मापाने घ्या, तोंडाशी ठोके सोसणारा स्प्रिंगचा बसवा, टाकीतले पाणी दर पाळीत काढायला हेल्परच्या रिकाम्या जागा भरा. तोवर असली एकही चार्जशीट आम्ही मानणार नाही.