तेरचे थापटणे

ऑक्सफर्ड, केंब्रिजसारखी जुनी विद्यापीठे उन्हाळ्यात सर्जनशील लेखनाच्या अल्पमुदतीच्या शाळा भरवितात. धाराशिव जिल्ह्यातील होतकरू लेखकाने तेथे जावयाचे म्हटले, तर पहिली अडचण पंचांगाची. त्यांचा उन्हाळा जुलै-ऑगस्टचा. तेव्हा इकडे महाविद्यालये सुरू असतात आणि सोयाबीनची कोळपणी चाललेली असते. दुसरी अडचण पैशाची, आणि तीच खरी. शुल्क पौंडांत, वर विमानभाडे.

दिलीप चित्रे १९७५ साली आयोवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमास गेले, असा दाखला देता येईल. परंतु ते निमंत्रित होते, आणि त्यांचा पहिला कवितासंग्रह १९६० सालीच निघाला होता.

अशा शाळांत होते तरी काय? दहा-बाराजण एकमेकांचे लिखाण वाचतात आणि त्यातील कच्चेपण भीड न बाळगता सांगतात. याच जिल्ह्यातील तेरला गोरोबाकाकांनी संतमंडळींची डोकी थापटण्याने तपासून नामदेवांना कच्चे ठरविल्याची आख्यायिका आहे. (नामदेवांना ते रुचले नव्हते, हेही विसरू नये.) मराठवाड्यातील नवोदितांना टाळ्या पुष्कळ मिळतात, थापटणे क्वचितच मिळते.

जानेवारी २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादेत ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. तीन दिवसांत मंडप उठला. मे महिन्यात महाविद्यालयांच्या खोल्या रिकाम्याच असतात. विद्यापीठाच्या येथील उपपरिसराने वीस मुले व दोन परखड लेखक यांना पंधरा दिवस एकत्र बसवावे. मानधन, जेवणखाण धरूनही तो खर्च एकट्या विद्यार्थ्याच्या ऑक्सफर्डवारीहून फारसा अधिक होऊ नये.