मेल्यावरचा शेजार

फ्रँक काप्राचा ‘आर्सेनिक अँड ओल्ड लेस’ १९४१च्या अखेरीस चित्रित झाला. मूळ नाटक ब्रॉडवेवर जोरात होते. ते उतरेपर्यंत सिनेमा लावायचा नाही, असा करार होता. म्हणून तो पडद्यावर आला १९४४ला, ऐन महायुद्धात.

ब्रुकलिनच्या दोन प्रेमळ, देवभोळ्या म्हाताऱ्या बहिणी एकाकी वृद्धांना घरच्या दारूतून विष पाजतात. पुण्यकर्म म्हणून! मग प्रार्थना करून तळघरात दफन. असे बारा जण. कॅरी ग्रँटचे डोळे फिरवणे मला अतीच वाटते, पण या दोघींना तोड नाही.

त्यांचा खुनी भाचा आपण मारलेल्या माणसाचे प्रेत त्याच तळघरात पुरू पाहतो, तेव्हा मात्र त्या संतापतात. आमच्या भल्या मेथडिस्ट गृहस्थाशेजारी हा परका? छे!

खुनाची खंत नाही, शेजाराची तक्रार आहे. इथे माझे हसू अडकले. भाड्याचे घर शोधत होतो तेव्हा अशीच एक मायाळू आजी भेटली होती. नाव ऐकल्यावर खोली ‘कालच गेली’ म्हणाली. चहा मात्र आग्रहाने पाजला.