सण भाड्याने मिळत नाही



आधीच सांगून टाकतो, हा लेख वाचून काही जण रागावतील. जरूर रागवा, पण शेवटपर्यंत वाचून मग रागवा.

२०२४ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझी मुलगी तेव्हा पाचवीत होती. शाळेत बाईंनी प्रत्येकाला आपल्या घरच्या एका सणाबद्दल लिहायला सांगितलं. कन्येने दिवाळी निवडली, म्हणून मी खूश! वही हातात घेऊन वाचू लागलो. तिच्या इंग्रजीचं मराठी करून सांगतो: "दिवाळीला आम्ही गाडीतून एका शाळेच्या ऑडिटोरियममध्ये जातो. तिथे स्टेजवर नाच असतात. मग डब्यातून जेवण मिळतं. माझे बाबा दारात बसून माणसं मोजतात."

संपला निबंध. बाईंनी खाली हसरा चेहरा काढला होता. मला मात्र हसू आलं नाही. त्या वर्षी मी मंडळाचा खजिनदार होतो (अजूनही आहे, दुसरं कोणी तयारच होत नाही!). पोरीने एक अक्षरही खोटं लिहिलेलं नव्हतं. पणती नाही, उटणं नाही, फराळ नाही, ओवाळणी नाही. कुठून असणार? त्या गुरुवारी लक्ष्मीपूजनाला मी साडेसातला कामावरून आलो, देवापुढे दिवा लावला, इंडियन स्टोअरमधून आणलेला चकलीचा पुडा फोडला आणि शनिवारच्या कार्यक्रमाच्या ई-मेल्सना उत्तरं देत बसलो. दिवाळीची तयारी करता करता माझ्याच घरातली दिवाळी राहून गेली.

तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात पहिला मी उभा आहे. पण मंडळी, जरा आजूबाजूला बघा, पिंजऱ्यात दाटी आहे.

आपण सण कमिटीकडे सोपवून मोकळे झालो आहोत. हॉल भाड्याचा, साऊंड भाड्याचा, जेवण ऑर्डरचं, रांगोळीचा स्टिकर दुकानातला. माणशी पैसे भरले, झब्बा-पैठणी घातली, फोटो काढले, झाली दिवाळी! साडेतीन तास आपण स्टेजकडे तोंड करून अंधारात बसतो आणि शेजारच्या खुर्चीवरच्या स्वतःच्या मुलाशी एक शब्द बोलत नाही. मोठी मुलं बाहेर कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून फोन बघत असतात. आणि घरी जाताना आपण म्हणतो, "मुलांना आपली संस्कृती कळली पाहिजे, म्हणून तर आणतो."

कार्यक्रम वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. हॉल मिळेल त्या शनिवारी दिवाळी करण्यालाही माझा विरोध नाही, परदेशात तेवढी तडजोड चालायचीच. माझं भांडण इतकंच आहे की तो कार्यक्रम हीच आपली संपूर्ण दिवाळी होऊन बसली आहे. कार्यक्रम बघायचा असतो. सण करायचा असतो. बघणं भाड्याने मिळतं, करणं मिळत नाही.

आणि आपल्याला करता येत नाही असंही नाही. आपण मिशिगनची माणसं. सप्टेंबर उजाडला की आपण सगळे सहकुटुंब सफरचंदाच्या बागेत जातो. थोरला शिडीवर चढतो, धाकटी खालून पिशवी धरते, आई कुठलं सफरचंद गोड ते चाखून सांगते आणि बाबा पिशवी उचलतात. मग सायडर मिलवर गरम डोनट आणि थंड सायडर. ऑक्टोबरमध्ये भोपळा कोरतो, हात कोपरापर्यंत बरबटतात. अंगणातली पानं ओढून ढीग करतो आणि मुलं त्यात उड्या मारतात. ती सफरचंदं दुकानात जास्त सोयीने मिळतात हो! तरी आपण जातो, कारण स्वतः तोडलेल्या सफरचंदाची चव मुलं वर्षभर सांगतात. यात कुणी स्टेजवर नसतं आणि कुणी खुर्चीवर नसतं. इथल्या ऋतूंचे सण आपण हातांनी करतो, आणि स्वतःचे मात्र डोळ्यांनी. असं का?

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग येतं. लिंकनने १८६३ मध्ये, ऐन यादवी युद्धात, देशभर आभाराचा दिवस पाळायचं आवाहन केलं आणि १९४१ मध्ये कायद्याने चौथा गुरुवार पक्का झाला. टेबलाभोवती बसून प्रत्येकाने कशाबद्दल आभार मानायचे ते बोलतात. आपली मुलंही बोलतात, फार छान बोलतात. त्यावर आपल्यातले काही जण नाक मुरडतात, "हे आपलं नाही." अहो, आपल्याकडे आभाराचा एक नाही, अनेक दिवस आहेत! पोळ्याला बैलाला कामाला जुंपत नाहीत. त्याला न्हाऊ घालतात, जुवाने घासलेल्या खांद्याला हळद-लोणी चोळतात, शिंगं रंगवतात आणि पुरणपोळी त्याच्या तोंडात देतात. वसुबारसेला गाय-वासराची पूजा. खंडेनवमीला हत्यारांची आणि अवजारांची. यात कुठेही भाषण नाही. बैलाला 'थँक यू' म्हणून काय उपयोग? त्याचा खांदा चोळावा लागतो. आपले आभार बोलून दाखवायचे नव्हते, हातांनी करायचे होते. आपण हातच काढून घेतले, मग मुलांना कृतज्ञता शिकवायची कशाने?

आता एक नाजूक विषय. "आमच्या लहानपणी घरी केवढा फराळ व्हायचा!" हे वाक्य बहुतेक वेळा पुरुषाच्या तोंडून ऐकू येतं. मी एकदा असंच म्हणालो तेव्हा बायको शांतपणे म्हणाली, "तुला चकलीची चव आठवते. मला आईची कंबर आठवते." बरोबर आहे तिचं. जुनी घरगुती दिवाळी एका बाईच्या पाठीवर उभी होती. ती पहाटे उठायची, भाजणी भाजायची, सोऱ्या दाबायची, आणि आम्ही खाऊन पळायचो. तशी दिवाळी परत आणायची असेल तर त्यापेक्षा हॉल बरा! मी म्हणतो ती दिवाळी वेगळी आहे. तिच्यात घरातला कुणीही बसून राहणार नाही.

डेट्रॉइटच्या परिसरात राहणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागू नये. हेन्री फोर्डने १९१३ मध्ये इथेच हायलंड पार्कच्या कारखान्यात फिरती असेंब्ली लाइन सुरू केली आणि बारा तासांहून जास्त वेळ घेणारी गाडीची जुळणी दीड तासावर आणली. करंजी हे त्याच जातीचं काम आहे. एकाने लाटी करायची, दुसऱ्याने पारी लाटायची, तिसऱ्याने सारण भरून कडा दाबायच्या, चौथ्याने कातणाने कापून ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायच्या. तळणारा एक, मोठा आणि सावध. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, आम्ही चौघांनी चाळीस करंज्या केल्या. सात फुटल्या. दोनदा स्मोक अलार्म वाजला. मुलीने स्वतः केलेली एक करंजी कुणाला हात लावू दिली नाही. आणि जेवण झाल्यावर ती आपणहून आईला म्हणाली, "आजी हे एकटी करायची?" थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर बोललेल्या सगळ्या वाक्यांपेक्षा हा प्रश्न मला मोठा वाटतो.

त्याच दिवाळीत आम्ही किल्ला केला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचा पूर आला होता. मीही चार फॉरवर्ड ढकलले. मग मुलीने विचारलं, "कोणते बारा?" मी रायगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग करत सातावर अडकलो. यादी काढली, तर अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. "तिथे कसा?" म्हणून तिने तोच करायचा ठरवला. मग मलाही वाचणं भाग पडलं. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये तो घेतला आणि पुढे राजाराम महाराजांनी मोगलांच्या वेढ्यात तिथूनच बरीच वर्षं राज्य चालवलं. घरापासून इतक्या दूर राहून आपलं राज्य टिकवणाऱ्यांचा किल्ला, आपल्यासारख्यांनी करायला याहून योग्य कुठला?

उन्हाळ्यात टोमॅटो लावले होते त्या वाफ्यातली माती उकरली. जिंजीच्या तीन टेकड्या म्हणून तीन ढीग केले. हळीव बाहेरच्या थंडीत उगवेनात, म्हणून ट्रेमध्ये पेरून बेसमेंटमध्ये ट्यूबलाइटखाली ठेवले आणि उगवल्यावर वर आणले. मावळे म्हणून लेगोची माणसं. पंधरा वर्षांच्या चिरंजीवांनी पहिल्या दिवशी खिडकीतून बघून खांदे उडवले. रात्री पाऊस पडून तटबंदी वाहून गेली. दुसऱ्या दिवशी साहेब बाहेर आले, "खाली दगड नको का?" म्हणाले, आणि अंधार पडेपर्यंत आत गेले नाहीत. फोन कुठे होता ते मी विचारलं नाही. मागच्या घरातले तमिळ गृहस्थ कुंपणावरून डोकावले. जिंजी म्हटल्यावर "सेंजी!" असं मोठ्याने ओरडून सरळ आत आले. लहानपणी शाळेच्या सहलीला ते तिथे गेले होते! सहा वर्षांच्या शेजारात ते पहिल्यांदा आमच्याकडे चहाला बसले. तिसऱ्या दिवशी सशांनी हळीव खाल्ले. असो, त्यांचीही दिवाळी झाली.

वेळ नाही, असं आपण म्हणाल. सफरचंदाच्या बागेला अख्खा रविवार मिळतो ना? आणि २०२६ मध्ये तर लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारीच आहे. ही सबबही कॅलेंडरने काढून घेतली. मुलांना आवडत नाही, असंही म्हणाल. मुलांना बसवून दाखवलेलं आवडत नाही. हातात माती, पीठ, कात्री द्या आणि चुकू द्या.

आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीला, म्हणजे मलासुद्धा, माझ्या तीन मागण्या आहेत. एक, दिवाळीचा कार्यक्रम दीड तासाचा करा. दोन, उरलेल्या वेळात खुर्च्या हलवून टेबलं मांडा. एकावर आकाशकंदील, एकावर करंज्या भरणं, एकावर पणत्या रंगवणं, आणि प्रत्येक टेबलावर वडीलधाऱ्यांसोबत मुलं. तीन, किल्ल्यांची स्पर्धा नको, बक्षीसही नको. फक्त ज्यांच्या घरी किल्ला असेल त्यांचे पत्ते सभासदांना कळवा, आणि त्या आठवड्यात आपण घरोघरी जाऊन बघू. संक्रांतीला तिळाच्या गरम वड्या थापायला आणि पाडव्याला गुढीची काठी धरायलाही हेच हात लागणार आहेत. सवय आत्ताच लावलेली बरी.

मला वेड्यात काढायचं असेल तर अवश्य काढा, पण ते आमच्या घरी येऊन काढा. यंदा सिंधुदुर्ग करायचं ठरलं आहे, समुद्रासाठी मुलांचा जुना रबरी पोहण्याचा तलाव काढून ठेवला आहे. येताना हात धुऊन येऊ नका. आल्या आल्या मातीतच घालायचे आहेत.